एर्मेसचं धुराडं

शेगडी सप्टेंबरात आली. नोव्हेंबर उजाडला तरी ती खोक्यातच होती, आणि खोकं स्वयंपाकघराच्या मधोमध. मी त्यावर टेबलक्लॉथ घातला, वर फुलदाणी ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागले, की हे आमचं नवं टेबल आहे, जरा उंच आहे इतकंच. लोक हसायचे. मला मात्र हसू येत नव्हतं.

ही शेगडी लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालते. पेलेट म्हणतात त्यांना. वरून गोळ्या ओतायच्या, बटण दाबायचं, की ती आपली आपण पेटते आणि आपली आपण खात बसते. लुचिल्लानं, आमच्या लेकीनं, ती ऊदिने शहरातून पाठवली होती. फेब्रुवारीत माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं, "निवेसबाई, लाकडाची टोपली घेऊन तो बाहेरचा जिना पुन्हा चढलात तर दुसराही खुबा बदलावा लागेल." आमचं घर इथल्या कार्नियाच्या डोंगरातल्या जुन्या घरांसारखंच आहे. लाकडं खाली, चूल वर, मध्ये दगडी जिना, आणि हिवाळाभर त्या जिन्यावर बर्फाचा काचेसारखा थर.

आता तुम्ही म्हणाल, नवरा नाही का? आहे ना. तार्चिझिओ. सगळी उमर लाकडाच्या गिरणीत गेली त्याची, आता कमरेला पट्टा आहे. तो लाकडं आणत नाही असं नाही. दोन ओंडके उचलतो, अर्ध्या जिन्यात ठेवतो आणि दम खायला म्हणून बारमध्ये जातो. मग मी काठी टेकत खाली उतरते आणि ते ओंडके एकेक करून वर आणते. गेल्या हिवाळ्याचे उरलेले दिवस असे कसेबसे काढले होते. आख्खा हिवाळा या पायानं निघणार नव्हता, हे मला कळत होतं आणि पायालाही कळत होतं. बर्फ पडायच्या आत शेगडी पेटायला हवी होती, एवढीच माझी मागणी होती.

प्रश्न एकच होता. धूर कुठून काढायचा.

रुडी हा खालच्या गावातला शेगड्या बसवणारा माणूस. कामाला चोख, बोलायला त्याहून चोख, आणि यायचा तो नेमका जेवायच्या वेळी. पहिल्यांदा आला तेव्हा मी फ्रिको केला होता. बटाटा आणि चीज तव्यावर खरपूस होत आलं होतं, आणि त्याचा वास घेतच तो जिना चढला असणार.

"इथं," तार्चिझिओ भिंतीवर थाप मारून त्याला म्हणाला. "इथं भोक पाड, पाईप बाहेर काढ, झालं. हातभराचं काम."

"नाही चालत."

"का नाही चालत? भिंत माझी आहे."

"भिंत तुझी, धूर सगळ्यांचा. धूर छपराच्या वर न्यावा लागतो. कायदा आहे."

"कायदा करणारे रोममध्ये बसलेत. त्यांना काय थंडी माहितीय?"

"बरं, कायदा राहू दे. पहिल्या बर्फाला आपल्याकडे वीज जाते की नाही?"

"जाते."

"शेगडीतला पंखा विजेवर चालतो. तो थांबला की धुराला वर ओढायला उभं धुराडं लागतं. तू आडवा पाईप ठेवलास तर तो धूर कुठं जाईल?"

तार्चिझिओनं भिंतीवरचा हात काढून घेतला.

"सिन्योरा निवेसच्या नाकात जाईल," रुडी म्हणाला आणि फ्रिकोचा दुसरा तुकडा त्यानं ताटात ओढून घेतला.

मग तार्चिझिओनं विचारलं, की चुलीच्या धुराड्यात पाईप घातला तर? रुडी म्हणाला, एका धुराड्यात एकच आग. तिथं शेगडी हवी असेल तर चूल काढून टाका. तार्चिझिओनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं बायको विकायला सांगितलं होतं. पोलेंता, म्हणजे आमची मक्याच्या पिठाची उकड, चुलीवरचीच, दुसरी कुठली तो पोलेंता मानतच नाही. खरं सांगायचं तर मीही चूल काढू दिली नसती. हा एकच मुद्दा, ज्यावर आमचं दोघांचं एकमत होतं.

"मग काय, जुनं धुराडं आहेच की," रुडी म्हणाला आणि उठून त्यानं मधल्या भिंतीवर बोटानं टकटक केलं. "हे बघा. आख्खं डुक्कर आत मावेल एवढं रुंद आहे. छपरावरून स्टीलचा पाईप आत सोडायचा, खाली शेगडीला जोडायचा. ना बाक, ना वळण. याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही."

तार्चिझिओनं काटा खाली ठेवला. "ते माझं नाही."

"मग कुणाचं?"

मीच सांगितलं. "एर्मेसचं."

"अरे देवा," रुडी म्हणाला. तो आमच्या गावातला नाही, तरी आमचं भांडण त्यालाही ठाऊक होतंच.

एर्मेस माझा धाकटा दीर. बिनलग्नाचा. भिंतीपलीकडे राहतो. सासरे गेल्यावर घराची वाटणी झाली तेव्हा दोघं भाऊ न्यायाला इतके पेटले होते, की सगळ्याचे सारखे दोन वाटे पाडले. आम्हाला माळा, त्याला तळघर. आम्हाला नवं धुराडं, त्याला जुनं. झालं काय, की तळघर त्याचं म्हणून आमच्या गोळ्यांच्या पिशव्या आमच्या पलंगाखाली आणि पॅसेजमध्ये रचलेल्या. आणि जुनं धुराडं त्याचं, पण ते वर जातं आमच्या माळ्यातून. छपरावर जायचं दारही आमच्याच माळ्यात. तेव्हा काही बिघडलं नाही, कारण दोघं दिवसातून दहा वेळा एकमेकांच्या घरात असायचे.

मग ते रिकोत्ताचं झालं.

एर्मेस रिकोत्ता, म्हणजे निवळीचं मऊ चीज, धुरावायचा, धुरावर टांगून सुकवायचा. तशी आमच्याकडे पुष्कळ लोक धुरावतात, पण त्याच्या हातची चव वेगळी होती. आमच्या माळ्यावर तो रिकोत्ताचे गोळे टांगायचा आणि खाली पत्र्याच्या डब्यात बीचच्या लाकडाच्या वाळक्या ढलप्या आणि वासाला चिमूटभर जुनिपर धुमसत ठेवायचा. एका वर्षी डोंगरी पलटणीच्या जुन्या सैनिकांचा मेळावा होता म्हणून तो दोन दिवस गावाबाहेर गेला आणि जाताना थोरल्या भावाला सांगून गेला, की धुरावर लक्ष ठेव. बीचच्या ढलप्या संपल्या. तळघरात पोतं भरलेलं होतं. तार्चिझिओनं आळस केला आणि गिरणीतून आणलेले फरच्या झाडाचे ओले तुकडे टाकले. चिकानं भरलेलं लाकूड. एर्मेस परत आला तेव्हा रिकोत्ते डांबरासारखे काळे झालेले आणि जिभेला लावले तर थू म्हणावं असे कडू.

आमच्या खोऱ्यात माणसाच्या आईवरून शिवी दिली तर ती दुसऱ्या ग्लासात विरघळते. पण दुसऱ्याच्या रिकोत्ताखाली फर जाळणं? एर्मेसनं ते सगळे गोळे आमच्या अंगणात एकेक करून भिरकावले. तार्चिझिओ माफी मागायच्या बेतात होता, पण एक गोळा त्याच्या खांद्यावर बसला आणि माफी राहिली ती राहिलीच. एर्मेस म्हणाला, तुझ्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही. तार्चिझिओ म्हणाला, नकोच ठेवूस. आठ-नऊ वर्षं झाली त्याला. दोघंही शब्दाचे इतके पक्के निघाले, की माझा जीव मेटाकुटीला आला.

एकमेकांशी बोलायचे म्हणजे माझ्यामार्फत. अंगणात दोघंही उभे, मध्ये दोन पावलांचं अंतर, आणि तार्चिझिओ मला सांगणार, "त्याला सांग, फाटक उघडं राहिलंय." एर्मेस मला सांगणार, "त्याला सांग, मला डोळे आहेत." मी मध्ये टपालपेटीसारखी उभी.

तर धुराडं एर्मेसचं, म्हणून तार्चिझिओनं दुसरा मार्ग काढला. पाईप घराच्या बाहेरून वर न्यायचा. मागची भिंत एर्मेसच्या अंगणात, ती बाद. राहिली पुढची, चर्चसमोरची. दुसऱ्या दिवशी हा खडू घेऊन शिडीवर. कमरेला पट्टा, दातांत खडू. मी खालून ओरडतेय, हा वरून रेघ ओढतोय. रेघ स्वयंपाकघराच्या खिडकीखालून निघाली, खिडकीपासून अंतर हवं म्हणून डावीकडे वळली, सज्जा आला म्हणून पुन्हा वळली, पन्हाळीला वळसा घालून वर गेली आणि छपराच्या पुढे आलेल्या कडेपाशी अडली. रविवार होता. चर्चमधली मिसाची प्रार्थना सुटली आणि सगळं गाव पायऱ्यांवर उभं राहून आमची भिंत बघत बसलं.

"हे काय, नकाशा काढताय का?" दाणावाल्या बाईनं विचारलं.

"पाईप जाणार आहे," तार्चिझिओ वरून म्हणाला.

"कुठं जाणार आहे, ऑस्ट्रियाला?"

रुडी आला (मुझेत, आमचं डुकराचं सॉसेज, शिजत होतं, तेव्हा साडेबारा वाजले असणार), त्यानं रेघ पाहिली आणि डोक्यावरची टोपी काढली.

"तार्चिझिओ, एवढ्या वळणांत धूर वाट चुकेल. राख प्रत्येक बाकात बसेल, ती दर महिन्याला कोण काढणार? आणि हे छप्पर उतरतं कुठल्या बाजूला?"

"याच."

"म्हणजे बर्फ घसरेल तो याच बाजूला. पहिल्याच घसरणीत पाईप खाली, चर्चच्या पायरीवर. अंत्ययात्रा आधी निघेल, घंटा नंतर वाजेल."

"मग बर्फ अडवायला लोखंडी पट्ट्या लाव."

"लावतो. आणि तो पाईप तुझ्या घराच्या नाकावर शेंबडासारखा लोंबेल तो बघायला गावाला तिकीट लाव."

तार्चिझिओ ढिम्म हलला नाही. म्हणाला, बाहेरूनच न्यायचा. रुडी म्हणाला, मी नाही बसवणार, माझं नाव आहे. जेवला आणि गेला. मी खोक्यावरचा टेबलक्लॉथ धुवायला काढला आणि दुसरा घातला. दुसरं काय करणार होते?

दोन दिवस मी माझ्या परीनं समजावलं. "तार्चिझिओ, जाऊन एकदा विचार की त्याला."

"मी? त्यानं मला मारलं."

"रिकोत्तानं मारलं."

"मारलं ते मारलं."

"आणि तू फर जाळलंस त्याचं काय?"

"त्याला सांग, तो विषय काढू नकोस म्हणावं."

"तो इथं नाहीये! मी बोलतेय!"

शेवटी हात टेकले आणि काठी घेऊन मीच निघाले. आपला जिना उतरायचा, अंगण ओलांडायचं, त्याचा जिना चढायचा. वाटेत त्याची लाकडांची रास लागते. गावात तिच्यासारखी रास नाही. प्रत्येक ओंडका दुसऱ्याशी असा बसवलेला, की मधून उंदीर जायचा नाही. लाकूड पार करडं पडलं होतं. मी मनात म्हटलं, बघा, एवढं असून जाळायला जीव होत नाही याला. चिक्कू म्हणून तो गावात प्रसिद्धच होता. बार उघडल्यापासून बंद होईपर्यंत एका ग्लासावर बसून राहायचा, घरची लाकडं वाचवायला. त्याच्या धुराड्यातून धूर दिसत नाही, याच्यावर तर लोकांचे ठरलेले विनोद होते.

दार वाजवलं. त्यानं उघडलं, बाहेर आला आणि दार मागे ओढून घेतलं. डोक्यावर टोपी, अंगात जाड कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला.

"बाहेर निघालायस?"

"हो. निघालोच होतो."

"एर्मेस, तुझ्या धुराड्यातून एक पाईप खाली सोडायचाय. रुंद आहे ते, तुझी आग आणि माझा पाईप दोन्ही मावतील. रुडी सगळं वेगळं करून देईल."

"तुला सोडायचाय की त्याला?"

"शेगडी माझी आहे."

"घर त्याचं आहे. त्याला सांग, स्वतः येऊन विचार म्हणावं."

"तो नाही येणार, तुला माहितीय."

"मग मी तरी काय करू?"

"हो म्हण! दोन अक्षरं आहेत. माझ्या पायाकडे बघ जरा. ही काठी काय मी हौसेनं धरलीय?"

त्यानं पायाकडे पाहिलं. क्षणभर वाटलं, म्हणेल हो. पण मग त्याचं तोंड मिटलं, अगदी तार्चिझिओचं मिटतं तसंच. दोघं एकाच आईचे, शंका नको. "त्यानं विचारलं तर हो म्हणेन," तो म्हणाला. आत ये, बस, एवढंसुद्धा तोंडातून निघालं नाही. मी जिना उतरून खाली आले तरी 'निघालोच' म्हणणारा तो तिथंच उभा होता.

त्या दिवशी मी इतकी संतापले होते, की पोलेंता ढवळताना लाकडी डाव मोडला.

मग मी ठरवलं, आता कुणाला विचारायचं नाही. तार्चिझिओ जिन्यावर टाकायचं मीठ आणायला सहकारी दुकानात गेला होता. हवामानवाले बर्फ सांगत होते. मी रुडीला फोन केला. म्हटलं, धुराड्याची काजळी काढायचं लोखंडी दार माझ्या माळ्यावर आहे. माझ्याच माळ्यावरचं दार उघडून आत डोकवायला मला कुणाची परवानगी लागते का?

"डोकवायला नाही लागत," तो म्हणाला.

"मग ये आणि डोकव. पाईप बसतो की नाही ते मला कळू दे. मग मी दोघांनाही भिंतीवर आपटेन."

"जेवायला काय आहे?"

"आधी धुराडं, मग जेवण."

माळ्यावर मी ऑपरेशननंतर पहिल्यांदाच गेले. रिकोत्ते टांगायचे आकडे अजून तिथंच होते, धुळीनं माखलेले. रुडीनं लोखंडी दाराची कडी सोडवायला हातोडी घेतली, इतकी ती गंजली होती. दार उघडलं आणि काजळीऐवजी भसाभस काटक्या बाहेर आल्या. काटक्या, पिसं, मेंढीची लोकर, कुणाची तरी निळी दोरी. रुडीनं हात घालून ओढलं, आणखी आलं. टॉर्च लावून वर पाहिलं, खाली पाहिलं.

"कावळे," तो म्हणाला. "वरपासून खालपर्यंत ठासून भरलंय. एका वर्षाचं काम नाही हे."

"पण तो आग पेटवतो ना खाली?"

रुडीनं आतल्या विटांवरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. धूळ होती. काजळी नव्हती. "सिन्योरा, या धुराड्यात कितीतरी हिवाळे आग पेटलेली नाही. कधीतरी पेटवली असेल, धूर उलटा खोलीत आला असेल, विझवली असेल. नशीब, की पुन्हा पेटवली नाही. नाहीतर त्याला आपण केव्हाच पोचवून आलो असतो."

"मग त्यानं ते साफ का नाही करून घेतलं?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला उत्तर कळलं. साफ करायचं दार इथं होतं. छपरावर जायचं दार इथं होतं. त्याला आमच्या दारात येऊन विचारावं लागलं असतं.

मागं आवाज झाला म्हणून वळून पाहिलं. तार्चिझिओ मिठाची पिशवी छातीशी धरून माळ्याच्या दारात उभा. ओरडायलाच आला होता. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक.

"काय म्हणालास?" त्यानं रुडीला विचारलं. "कितीतरी हिवाळे?"

"असंच दिसतंय."

तार्चिझिओनं मिठाची पिशवी खाली ठेवली. आकड्यांकडे पाहिलं. मला करडं पडलेलं लाकूड आठवलं, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट आठवला, बारमधला तो एकच ग्लास आठवला. गावानं इतकी वर्षं केलेले विनोद आठवले. त्यातले काही मीही केले होते.

"गाढव," तार्चिझिओ म्हणाला. "गाढवाचं गाढव." आणि कोपऱ्यातलं एक रिकामं पोतं घेऊन तो दोन्ही हातांनी त्यात काटक्या भरायला लागला. कमरेचं भान नाही, पट्ट्याचं भान नाही. रुडी मदतीला वाकला तर त्यानं त्याला ढकललं. पोतं भरलं, खांद्यावर टाकलं आणि जिना उतरला. जिन्याच्या मध्ये थांबला नाही.

मी काठी टेकत मागे जाईपर्यंत तो एर्मेसच्या दारात पोचला होता. लाथेनंच दार वाजवलं. एर्मेसनं उघडलं. तीच टोपी, तोच कोट. तार्चिझिओनं पोतं त्याच्या उंबऱ्यावर उलटं केलं.

"हे काय?" एर्मेस माझ्याकडे बघून म्हणाला. "त्याला विचार, हे काय म्हणावं."

"मला विचार!" तार्चिझिओ गरजला. "मी इथं उभा आहे! तुझं धुराडं आहे हे! एवढा आवाज आहे तुझा, तो कुठं विकलायस? दार वाजवता येत नव्हतं?"

"तुझं दार!"

"मग त्याला काय काटे आहेत?"

"तूच म्हणालास, पाय ठेवू नकोस!"

"मी म्हणालो! मी शंभर गोष्टी म्हणतो! निवेसला विचार, तिनं एक तरी ऐकली का कधी? तू बरी नेमकी हीच ऐकलीस! आणि थंडीत बसलास! मेला असतास तर?"

"तर तुला तळघर मिळालं असतं!"

  आपण रडतोय हे कळू नये म्हणून तार्चिझिओ वाकून उंबऱ्यावरच्या काटक्या गोळा करायला लागला, ज्या त्यानंच टाकल्या होत्या. मग एर्मेसही वाकला. उघड्या दारातून मला आतलं स्वयंपाकघर दिसलं. टेबलाखाली पायापाशी एक छोटा विजेचा हीटर, खुर्चीवर घोंगडी, आणि भिंतीपाशी त्याची चूल, पुसूनपुसून चकचकीत केलेली, थंडगार. मला दोघांचाही इतका राग आला, की तिथंच जिन्यावर बसून मी ढसाढसा रडले.

बर्फ दुसऱ्या दिवशी पडायला लागला. रुडीनं सकाळी धुराडं मोकळं केलं, वरून ब्रश घातला, पोतीच्या पोती घाण काढली. त्याच्या गाडीत पाईप मात्र एकाच शेगडीपुरता होता. दुसरा मागवायचा तर रस्ते मोकळे होऊन वखारीतून माल यायला हवा होता.

"एर्मेसच्या चुलीला विटांचं धुराडं चालेल ना?" मी विचारलं.

"नाही. विटा खालून फुगल्यात, दोन ठिकाणी फटी आहेत. आगीसाठी त्यात पाईपच हवा. बोला, हा एक पाईप आज कुणाकडे उतरवू? इकडे की पलीकडे?"

मी तोंड उघडणार होते. शेगडी माझी होती, खुबा माझा होता, आणि तीन महिने त्या खोक्यावर मीच टेबलक्लॉथ बदलत बसले होते.

"पलीकडे," तार्चिझिओ म्हणाला.

"पलीकडे काय जोडणार? हा पाईप पेलेटच्या शेगडीचा, चुलीला बारीक पडेल."

"हेच खोकं. उचल. मला तसंही ते बटणांचं यंत्र नकोच होतं. रात्रंदिवस त्याचा पंखा घरघरणार. ऐकू दे त्याला."

"तार्चिझिओ, ही माझी शेगडी आहे! लुचिल्लानं माझ्यासाठी पाठवलीय!"

"तुझ्याकडे चूल आहे," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "त्याच्याकडे काय आहे? कोट."

  मी फुलदाणी उचलली, टेबलक्लॉथ झटकून घडी केला आणि माझी शेगडी दोघा भावांनी मिळून भिंतीपलीकडे नेली. पलंगाखालच्या पिशव्याही गेल्या, एर्मेसच्या तळघरात. रुडीनं तिथंच जेवायचं ठरवलं, कारण तिथं आता गरम होतं. जेवण अर्थात माझ्याच घरून गेलं.

"आणि माझी लाकडं कोण आणणार?" मी संध्याकाळी तार्चिझिओला विचारलं. "तू? अर्ध्या जिन्यापर्यंत?"

तो टोपी घालून पलीकडे निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी उजाडताच जिन्यावर पावलं वाजली. न थांबता थेट वरपर्यंत आली. एर्मेस होता. पाठीवर गच्च भरलेली टोपली, वर्षानुवर्षं सुकलेल्या त्या करड्या लाकडाची. असं लाकूड मी आयुष्यात जाळलं नव्हतं. काडी लावायचा अवकाश, की चूल भुकेल्या माणसासारखी त्याला खायची.

तेव्हापासून तो रोज येतो. दुसरा पाईप वखारीतून अजून आलेला नाही आणि मला आता त्याची घाईही नाही. टोपली रिकामी करतो, चुलीपाशी बसतो, कॉफी पितो, आणि मग दोघं सुरू होतात. फर किती ओलं होतं, गोळे किती होते, आधी कोण काय म्हणालं. दुपारपर्यंत तेच. पूर्वी मी टपालपेटी होते, आता पंच आहे. डोकं उठतं माझं. खडूची रेघ भिंतीवर तशीच आहे आणि दाणावाली बाई अजून विचारते, ऑस्ट्रियाची गाडी कधी सुटणार म्हणून.

फक्त एक गोष्ट पहिले काही दिवस तशीच राहिली होती. एर्मेस आमच्या चुलीपुढे बसायचा तो कोट घालूनच, बटणं गळ्यापर्यंत. कपाळावर घाम यायचा तरी हात बटणांकडे जायचा नाही. सवय झाली होती त्याला. एके सकाळी तार्चिझिओ बराच वेळ ते बघत राहिला आणि मग वैतागून माझ्याकडे वळला.

"निवेस, त्याला सांग ना, तो कोट काढ म्हणावं. आत्ता उठून जाईल असं वाटतं."

मी पोलेंता ढवळत होते. मागे न वळता म्हटलं, "मी नाही सांगणार. तूच सांग."

 तार्चिझिओनं खुर्ची भावाकडे वळवली.

"एर्मेस," तो म्हणाला. "कोट काढ. घरातच आहेस."